घरात काय बोलता?

तिसऱ्या खेपेलाही ताजबीच्या दाराला कुलूपच होतं. पण आज कौलांतून धूर निघत होता आणि त्या धुराला कांदा-खोबरं भाजल्याचा वास होता.

गोदा अंगणातल्या माडापाशी उभी राहिली. खांद्यावरची कापडी पिशवी तिने जरा पुढे ओढली. पिशवीत जनगणनेची पत्रकं, शाईचं पेन आणि एक पुस्तिका.

"चाची! ओ ताजबीचाची!"

धुरात कुणीतरी खोकला दाबला. मग मागच्या पडवीतून हफीजा आली. दहा वर्षांची, दोन वेण्या, हातात अर्धा सोललेला फणसाचा गरा.

"दादी नाय घरात," ती पाठ केल्यासारखं म्हणाली. "दादी पावसला गेली."

"पावसला नाय गो, गोळपाला!" आतून आवाज आला.

हफीजाने मान डोलावली. "गोळपाला गेली."

गोदाला हसू आलं, पण ते तिने पदराआड दडवलं. "बरं. दादी गोळपाहून आली की सांग, शाळेतल्या बाई येऊन गेल्या. आणि म्हणावं, कांदा करपतोय."

साल एक्याऐंशी. फेब्रुवारीच्या नऊ तारखेपासून देशभर माणसं मोजायचं काम चाललं होतं आणि रत्नागिरीच्या खाडीकाठच्या या तुकड्याची मोजणी गोदाकडे आली होती. ती मच्छीमारांच्या खारवीवाडीतल्या मराठी शाळेत शिकवायची. तिच्या शाळेला लागूनच मोहल्ल्याची उर्दू शाळा, मधे एकच भिंत. दोन्ही शाळा चौथीपर्यंत. पाचवी हवी असेल तर होडीने खाडी ओलांडून शहरात जायचं. मुलगे जायचे. मुलींचं पुस्तक चौथीलाच मिटायचं.

मोजणीच्या प्रशिक्षणात साहेबांनी बजावून सांगितलं होतं, "लोक सांगतील ते लिहायचं. वाद घालायचा नाही, सुधारायचं नाही. तुम्ही शिक्षक आहात हे वीस दिवस विसरा."

गोदाने ते मनावर घेतलं होतं. मुळातच ती हळू बोलणारी बाई. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिच्या तोंडात पाणी जात नसे आणि दुसऱ्याचं बोलणं मधे तोडणं तिला जमत नसे. त्यामुळे मोहल्ल्यातल्या चाळीस घरांनी जे सांगितलं ते तिने निमूट लिहिलं होतं. पत्रकात एक रकाना होता, घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. गोदा विचारायची, "घरात काय बोलता?" आणि घरोघरी एकच उत्तर यायचं, तेही पाढा म्हटल्यासारखं, "उर्दू."

एका घरी तर बाईने "उर्दू" म्हटलं आणि तोंड फिरवून शेळीवर ओरडली, "आगो मेल्ये, त्या मिरच्या खाव नको, तुजी चामडी काढीन!" गोदाचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने उर्दू लिहिलं. सांगतील ते लिहायचं.

एकेचाळिसावं घर तेवढं राहिलं होतं, ताजबीचं. आणि ताजबी सापडत नव्हती.

हेच गोदाला कळत नव्हतं. ताजबी लपून बसणारी बाई नव्हती. पासष्टीची, काठीसारखी ताठ, पाच वेळची नमाज आणि तीस दिवसांचे रोजे कधी न चुकवलेली. सख्ख्या भाचीच्या सोयरिकीत मुलाकडच्यांना "पोर गुनाची हाय, पन सकाळची उठत नाय" असं तोंडावर सांगून आलेली. लग्न झालं ते झालंच. उलट सासरचे म्हणाले, बाकी सगळं खरं असणार. अशा बाईला मोजणीची भीती कसली?

रविवारी संकष्टी होती. गोदाला शाळा नव्हती. सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी लागली तशी ती खाडीवर गेली. ओहोटीला मोहल्ल्यातल्या बाया चिखलातून तिसऱ्या, खायच्या शिंपल्या, काढायला उतरतात हे तिला ठाऊक होतं, आणि तिसऱ्या सोडून ताजबी गोळपाला जाणार नाही हेही.

ताजबी होतीच. पोटरीएवढ्या चिखलात, वाकून, करवंटीने खरवडत. गोदाने चपला आणि पिशवी खडकावर ठेवली, नऊवारीचा काचा वर खोचला आणि ती चिखलात उतरली.

"अल्ला!" ताजबी सरळ झाली. "हितंपन आलीस?"

"किती दिवस लपणार, चाची?"

"लपतो कोन? मी तिसऱ्या काढते."

"सहा दिवस उरलेत. तुमचं एकच घर राहिलंय."

"मंग ऱ्हावदे. येका घरानं काय व्हतं? देश येवढा मोठा."

"तुमच्या घरात पाच माणसं आहेत. ती पाच जणं देशातच नाहीत असं कसं लिहू?"

ताजबी पुन्हा वाकली. करवंटीने दोनदा चिखल खरवडला, एक तिसरी काढली, टोपलीत टाकली. मग गोदाच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आज उपास हाय ना तुजा? चंद्राचा?"

"हो. संकष्टी."

"तोंडावरना कळतंय. मंग तूच सांग मना. रोजा धरनाऱ्या तोंडानं खोटं बोलावं काय?"

"नाही बोलू."

"आन् खरं बोलून नातीचं नुकसान करावं काय?"

 ताजबीने टोपली खडकावर ठेवली, शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. तिचा पुतण्या इद्रीस मुंबईला छापखान्यात होता, तो गेल्या वर्षी परत आला होता. त्यानेच मोहल्ल्यात सांगितलं की या मोजणीत घराघरांनी उर्दू लिहवून घेतली की सरकार मुलींसाठी उर्दूची पाचवी इथेच काढील. एका घराने जरी दुसरं काही सांगितलं तरी आकडा पडेल.

"माजी हफीजा यंदा चवथी व्हते. चार वर्सं उर्दूत शिकली. हुशार हाय, तू बघतेसच. पल्याड शाळंत धाडायची तर तिचा बाप, सुलेमान, कुवेतास्न लिवतो, पोरीला व्हडीतना एकटी धाडू नको. म्हंजे बसली घरात. तिची आत्या बसली तशीच." ताजबीने पायाचा चिखल दुसऱ्या पायाने काढला. "मी उर्दू म्हटलं तर खोटं. माज्या घरात उर्दू कोन बोलत नाय. नाय म्हटलं तर आख्ख्या मोहल्ल्याच्या पोरींची शाळा माज्या जिभेनं बुडली. म्हनून मी घरातच नाय. घरात नसलेल्या बाईला अल्ला पन काय इचारनार नाय, नि सरकार पन."

गोदाला हसावं की काय करावं कळेना. तिला अध्यापक विद्यालयातला पहिला दिवस आठवला. लांज्याकडच्या आतल्या गावची, महिपत शेतकऱ्याची पोर, मास्तरीण व्हायला आली होती. जेवणाच्या वेळी कुणीतरी विचारलं आणि ती गावच्या सवयीने म्हणाली, "मी जेवलंय." साऱ्या पंगतीने ते वाक्य आठवडाभर चघळलं. तेव्हापासून गोदा दोन जिभा बाळगून होती. एक शाळेची, एक गावी गेल्यावर आईपाशी काढायची. कुणी विचारलं असतं की तुझ्या घरात काय बोलता, तर आपण तरी काय सांगितलं असतं?

वाद घालायचा नाही, सुधारायचं नाही. पण हा कागद कशासाठी आहे हे सांगू नये असं तर कुणी म्हटलं नव्हतं. उलट पुस्तिकेतच होतं, लोकांना विश्वासात घेऊन सांगा म्हणून.

"चाची, या कागदाने शाळा येत नाही. आणि जातही नाही."

"म्हंजे?"

"हे कागद बंद होऊन वर जातात. त्यातलं तुमचं नाव घेऊन कुणाला काही देत नाहीत, कुणाचं काही काढत नाहीत. पाचवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, मुलांच्या नावांसकट. मी दोनदा केलाय."

"तू? कशाला?"

"माझ्या खारवीवाडीच्या मुलांसाठी. वर्ग इथे काढायला वीस मुलं लागतात. माझी आठ भरली. पुढल्या वर्षी परत केला, तेव्हा सात."

"आन् आमच्या नि तुज्या मिळून?"

"मिळून चालत नाही. मराठीची वीस वेगळी, उर्दूची वीस वेगळी."

ताजबीने मोहल्ल्याकडे बघितलं, मग खारवीवाडीकडे. दोन्हीकडची पोरं एकाच वाळूत एकाच चेंडूमागे धावत होती आणि एकाच भाषेत एकमेकांना शिव्या घालत होती. मग एकदम तिच्या डोक्यात दुसरंच शिरलं. ती उभी राहिली.

"म्हंजे चाळीस घरं फुकट खोटं बोलली?"

"दुसऱ्या घरांचं मला काही सांगता येत नाही, चाची. शपथ आहे."

"तू नको सांगू. मी सांगते."

आणि ती चिखलाच्या पायांनी, टोपली कमरेवर घेऊन, तरातरा निघाली. गोदा पिशवी खांद्याला आणि चपला हातात घेऊन मागे.

इद्रीस ओट्यावर पेपर वाचत बसला होता. पांढराशुभ्र झब्बा, नीट कोरलेली दाढी. गोदाला बघून त्याने अदबीने आदाब केला आणि चाचीचे पाय बघून पेपर बाजूला ठेवला. ताजबीने सगळं एका दमात सांगितलं. इद्रीसचा चेहरा उतरत गेला, पण तो हटला नाही.

"बाई, राग मानू नका. तुम्ही मराठी शाळेच्या. उर्दूचा आकडा कमी झाला तर तुम्हाला बरंच आहे."

गोदाला ते लागलं. पण तिने आवाज चढवला नाही. पिशवीतली पुस्तिका काढली, माहिती गुप्त राहते असं लिहिलेलं पान उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं. इद्रीसने बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत मराठी वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"मला मुंबईला एकानं सांगितलं होतं..."

"मुंबईला येकानं!" ताजबीने टोपली आपटली. "त्या येकाला आमच्या पोरींची लय काळजी!"

"पण चाची, आपण उर्दूचेच ना? निकाहनामा उर्दूत, मशिदीतलं बयान उर्दूत, पोरींची किताबं उर्दूत."

"हाय ना. मी कुटं नको म्हनते? उर्दूसाठीच तर माजा जीव टांगलाय. पन घरात काय बोलता इचारलं तर घरातलंच सांगनार. तू जुलेखाशी भांडतोस ते आमाला भिंतीपल्याड ऐकू येतं. कंच्या भाषेत भांडतोस रे?"

आतून इद्रीसच्या बायकोचं, जुलेखाचं, खळखळून हसणं आलं. "चाची, उर्दूत भांडाया लागले तर मी बरूबर जिंकीन. शब्द सापडंपर्यंत ते गपच!"

इद्रीस लाजून हसला, आणि ओट्यावरचं वातावरण एकदम सैल झालं. जुलेखाने शहाळं फोडून आणलं. "बाई, उपासाला चालतं ना?" गोदाने दोन्ही हातांनी घेतलं. मग जनगणनेची पिशवी बंद करून तिने बाजूच्या खुंटीला अडकवली.

"हे माझं सरकारी काम झालं. आता शेजारीण म्हणून बोलते. पाचवीचा अर्ज करायचा असेल तर मी लिहून देते."

"तुम्ही? उर्दूच्या वर्गासाठी?"

"अर्ज मराठीतूनच करावा लागतो, इद्रीसभाई."

इद्रीसने कपाळाला हात लावला.

अर्ज लिहायला बसले तेव्हा ओट्यावर बारा-पंधरा बाया जमल्या. सांगायची ताजबी, लिहायची गोदा, आणि मधे इद्रीस.

"लिव," ताजबी म्हणाली. "सायबा, आमच्या पोरी लय हुशार हायेत, त्यांना चवथीनंतर घरात भांडी घासायला बसवायची आमची इच्छा नाय."

गोदाने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की—"

"थांब, थांब. ह्यात पोरी कुटं आल्या?"

"येतील चाची, खाली."

"आदी लिव. खाली येईपर्यंत सायब झोपंल. आन् ते उप... उप काय गो?"

"उपरोक्त," इद्रीस मदतीला धावला. "म्हणजे मज़कूर-ए-बाला."

ताजबीने दोघांकडे पाळीपाळीने बघितलं. "बरं झालं सांगितलंस. येकाचं कळत नव्हतं, आता दोघांचं कळत नाय."

ओटा हसून लोळला. पण अर्ज झाला. पोरी वर आल्या, उपरोक्त खाली गेलं. मग नावं. यंदा चौथी होणाऱ्या चौदा. ताजबी उठली, मोहल्ल्यात फिरली आणि मागच्या दोन वर्षांत घरी बसलेल्या तिघी पोरींच्या आयांना ओट्यावर घेऊन आली. एक आई म्हणाली, "तिची सोयरीक बघतंव." ताजबी म्हणाली, "बघ की. पोर पाचवी झाली तर तुला जावईपन मास्तर मिळंल." झाल्या सतरा. आणखी नाव निघेना.

"तीन कमी," गोदा म्हणाली.

"लिव तू सतरा," ताजबी म्हणाली. "बाकीचं बगू."

मग तिने पिशवीकडे बोट केलं. "आता तो तुजा कागद काढ. इचार मना."

गोदाने पत्रक काढलं, पेनाची टोपी काढली आणि पुस्तिकेत होतं तसं विचारलं, "घरात काय बोलता?"

"कोकणी," ताजबी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माजी आय बोलायची ती." गोदाने लिहिलं, जसंच्या तसं.

आणि त्यापायी गोदाचे चार दिवस गेले. दुसऱ्याच सकाळी शाळेच्या दारात बायांची रांग. "बाई, आमचं खोडा." "बाई, आमचंपन." तिने पर्यवेक्षक गुरुजींना विचारलं. ते वैतागून म्हणाले, "चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्त करायचं, नाहीतर काय मुरंबा घालायचाय? पण पत्रक नीट नवं लिहा." गोदाने नवं लिहिलं, घरोघरी पुन्हा जाऊन. कुणी कोकणी सांगितली, कुणी मराठी. एका घरात मुंबईहून आलेली सून होती, तिथे उर्दूच खरी होती, ती तशीच राहिली. इद्रीस शेवटी आला. "लिहा कोकणी. पण येणाऱ्या इतर भाषा असा एक रकाना आहे ना? तिथे उर्दू सगळ्यात आधी, ठळक अक्षरात."

"ठळक लिहिते," गोदा म्हणाली. आणि लिहिलीही.

जाताना तो दारात घुटमळला. "बाई, एक भीती वाटते. आता कुणी साहेब आला आणि म्हणाला, तुमच्या घरी उर्दू नाही, मग उर्दूचा वर्ग कशाला? तर काय सांगायचं?"

 गोदाने त्या दिवसापासून रोजच्या जपाला एक माळ वाढवली.

साहेब एप्रिलात आला. काशीराम नावाचे विस्तार अधिकारी, मूळचे मंडणगडचे, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात गोदाचा अर्ज. रघू खारव्याने त्यांना होडीतून या काठाला आणलं. मदरशाच्या ओसरीवर सतरा मुली धुतलेल्या कपड्यांत ओळीने बसल्या होत्या. काशीराम साहेबांनी मोजल्या. मग उलट्या बाजूने मोजल्या.

"सतराच. नियम वीसचा आहे."

"सायब, तीन पोरी कमी म्हनून सतरा पोरी घरात?" ताजबी म्हणाली.

"मी काय करू, आजी? नियम मी केलेला नाही."

त्यांनी फाइल मिटायला घेतली. हफीजाने खाली मान घातली.  होडीचा दोर हातात तसाच घेऊन रघू पायरीपाशी उभा होता. तो घसा साफ करत म्हणाला, "सायब, तीन पोरी मी देतो."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"माजी चिमा, नि माजा भाव दादू, त्याच्या दोगी. बाईंच्या शाळंत चवथीला हायेत."

"मराठी शाळेतल्या? मग त्या पलीकडे मराठी पाचवीत जातील की. तुमची तर स्वतःची होडी."

रघूने मान खाजवली. "तीच तर बोंब हाय. माजी पोर व्हडीत बसली की ओकते. खारव्याची पोर, सांगायला लाज वाटते बगा. काठापासना चार हात गेलं की सुरू. आन् दादूच्या पोरी तिच्याबिगर जात नाय."

हशा पिकला. साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. "अहो, पण उर्दूच्या वर्गात या कशा बसणार? यांच्या घरी कुठे उर्दू बोलतात?"

इद्रीसने डोळे मिटले. हाच तो प्रश्न.  आणि ताजबी पुढे झाली.

"सायब, ह्या सतरा पोरींना इचारा. कोनाच्या घरात उर्दू बोलतात, हात वर करा म्हना."

"चाची!" इद्रीस पुटपुटला.

"इचारा."

काशीराम साहेबांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. सतरा पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फाइल उघडून नियमाचा कागद वाचायला लागले. वाचता वाचता ओठ हलत होते.  खाडीवर एक बगळा उडाला आणि त्याच्याकडेसुद्धा कुणी बघितलं नाही.

"पालकांची मागणी," ते शेवटी म्हणाले. "एवढंच म्हटलंय. घरी काय बोलतात याचा यात एक शब्द नाही." त्यांनी चिमाला जवळ बोलावलं. वाडीच्या पोरी दाराशी कधीच्या येऊन थांबल्या होत्या. "काय गं, तुला उर्दूतलं काही येतं का? नाहीतर पहिल्या दिवशीच रडशील."

चिमाने दोन्ही हात मागे बांधले आणि सुरू झाली, "अलिफ, बे, पे, ते, टे, से..." न थांबता, शेवटपर्यंत.

"कुणी शिकवलं?"

"कोनी नाय. मधली भिंत पातळ हाय. रोज आयकू येतं."

"अस्सं? मग पलीकडे आमची बाराखडी ऐकू जाते का?" साहेबांनी हफीजाकडे बोट केलं. हफीजाने क-का-कि-की सुरू केली, तीही त्याच चालीत, गोदा जशी वर्गात म्हणून घेते अगदी तशी. मधे श्वास घ्यायची जागासुद्धा गोदाचीच. गोदाने पदर तोंडाला लावला. चार वर्षं आपण दोन वर्गांना शिकवत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता.

काशीराम साहेब मांडीवर थाप मारून हसले, आणि हसता हसता त्यांची हापिसातली भाषा सुटली. "आता काय बोलायचा, बाई? माजी आय ऐकती तर म्हनती, सायब, गप सही कर नि जेवाया ये!"

"मंग आयचं ऐका," ताजबी म्हणाली. "जेवान तयार हाय."

सही तिथेच झाली. वर्ग तात्पुरता, मदरशाच्या ओसरीत. उर्दूच्या शिक्षिका शहरातून येतील. मराठीचा तास आठवड्यातून तीनदा, तो गोदाने शेजारच्या शाळेतून येऊन घ्यावा. रघूच्या तीन पोरींची नावं सतरांच्या खाली चढली आणि आकडा वीस झाला. त्या दिवशी मोहल्ल्यात शेवया झाल्या, आणि खारवीवाडीत वाटी गेली नाही असं एक घर राहिलं नाही.

जूनमध्ये वर्ग भरला. श्रावणातल्या एका सोमवारी गोदा आपल्या तासाला आली तेव्हा ओसरीवर भलताच गोंधळ चालला होता. उर्दूच्या बाईंनी पत्र कसं लिहायचं ते शिकवलं होतं आणि सांगितलं होतं, वडिलांना पत्र लिहा.

हफीजा पाटावर वाकून लिहीत होती. आणि ताजबी, जिला वर्गात यायचं काही काम नव्हतं, ती दाराच्या चौकटीला टेकून सांगत होती.

"दादी, बाईंनी सांगितलंय, आदी लिवायचं, जनाब वालिद साहब, बाद सलाम के—"

"ते लिव येक ओळ. इद्रीस दर म्हैन्याला तेच लिवतो. मंग मी सांगते तसं लिव. सुलेमाना, तुजी बकरी व्याली. दोन झाली, येक काळी हाय, तुज्यासारखी."

हफीजाने लेखणी उचलली. "पन दादी, हे तर आपलं बोलनं हाय. उर्दूच्या अक्षरात आपलं बोलनं लिवलं तर चालतं?"

दोघींनी गोदाकडे बघितलं. गोदाला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तिने उर्दूच्या बाईंकडे बघितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लिहून बघ. अक्षरं काही नाही म्हणत नाहीत."

हफीजाने लिहिलं. बकरी, काळं करडू, गळणारं कौल, जुलेखाला लागलेले डोहाळे, सगळं. ताजबी बोलत होती आणि कागद भरत चालला होता. एकदा हफीजा अडली तर शेजारच्या चिमाने वाकून सांगितलं, "तिथं दोन टिंबं दे, मंग व्हतं." ताजबीचा आवाज वाढत गेला. इतक्या वर्षांत सुलेमानला तिची पत्रं गेली होती ती सगळी इद्रीसच्या शब्दांत, अदबीने, मान खाली घालून. आज तो कुवेतात पाकीट फोडणार होता आणि त्याची आई त्याला ओरडणार होती.

"लिव, घरी कदी येतोस. आन् लिव, पोर पाचवीत हाय."

गोदा चिमाच्या पाटापाशी आली. तिचंही पत्र झालं होतं, अर्धं पान, वळणदार.

"तू कुणाला लिहिलंस गं?"

"बापाला."

"अगं, तो तर तिथे आहे." ओसरीतून रघूची होडी दिसत होती. पाऊस उघडला होता आणि तो पाणी उपसत होता. "आणि त्याला हे वाचता कुठे येणार?"

"नाय येनार," चिमा म्हणाली. तिला ते आधीच ठाऊक असल्यासारखं दिसत होतं. "मी वाचून दाखवनार. त्याला होडीतना इकडं यावं लागंल."

आणि तिने ओसरीच्या कडेला जाऊन, तोंडाभोवती दोन्ही हात धरून, बापाला हाक मारली.